भिंतीलगतचं खाचर

लुओथांग गाव
जुन्या पंचांगाचा नववा महिना, विसावा दिवस

वानछिंग बाळे,

आजीचे आशीर्वाद. तू, छोटी थुआन आणि तुमच्या विसाव्या मजल्यावरचा वारा, सगळे खुशाल असाल. मीही खुशाल आहे. गुडघे खुशाल नाहीत, पण त्यांना पत्रात जागा द्यायची नाही असं ठरवलंय. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत ते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. लिहितायत आपले थान गुरुजी, ज्यांनी तुला अक्षरं शिकवली आणि मला शिकवायचं राहून गेलं. मी दहा वाक्यं बोलते तेव्हा यांचा हात तीनदा हलतो. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, लिहिलेलं आखूडच असतं." असेल. पण तुला कुठं तुटक वाटलं तर समज, मधलं गुरुजींच्या पोटात गेलं.

का उचलत नाहीस ते मला कळतंय. मी तुझ्या नवऱ्याला कचेरीच्या अंगणात चारचौघांत बोलले. ते तू त्याच्या तोंडून ऐकलंस, आता माझ्या तोंडून ऐक.

भात झोडून झालं तशी पांढरे हातमोजे घातलेली माणसं आली आणि प्रत्येक घरातून, प्रत्येक खाचराचा मूठमूठ तांदूळ घेऊन गेली. पंधरा दिवसांनी कचेरीच्या भिंतीवर कागद लागला. मी आपली त्याच्यासमोर उभी. मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, पण एक मुंगी लाल होती. लेइची बायको शेजारीच होती. तिला कुणी विचारायची वाट बघावी लागत नाही.

"काकू, लाल खूण तुमच्या नावापुढे आहे हो! सगळ्या गावात तुमचाच नापास. कॅडमियम!"

तो शब्द तिला इतका आवडला की तिनं तो तीनदा म्हटला.

"तुझा पास झाला का?" मी विचारलं.

"झाला की."

"मग गावजेवण घाल. तुझ्या घरात दुसरं कुणी कधी पास झालं नव्हतं."

बोलले खरी, पण पाय गार पडले होते. पन्नास वर्षं मी भात लावते. या गावात कुणाच्या रोपाला कीड लागली तर मला बोलावतात. आणि माझाच तांदूळ नापास.

माझी खाचरं दोन. विहिरीकडचं पास, भिंतीलगतचं नापास. भिंत कुणाची? तुझ्या नवऱ्याच्या पाणी धुण्याच्या कारखान्याची. तिथं काय चालतं ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक, पण गुरुजी म्हणतात, तक्रार लिहायची तर मुळापासून लिहा. तर लिहा, गुरुजी. डोंगरातली खाण बंद पडली तरी तिच्या पोटातलं पाणी वाहायचं थांबलं नाही. ते पिवळं पाणी तुझे ख्वांग साहेब टाक्यांत घेतात. टाक्यांत बोराएवढ्या काळ्या गोळ्या भरलेल्या. लोखंडाचा कीस, भाताच्या तुसाचा कोळसा आणि थोडी चिकणमाती एकत्र मळून भट्टीत भाजतात, त्या ह्या गोळ्या. लोखंड आणि कोळसा पाण्यात शेजारी बसले की त्यांच्यात वीज खेळते आणि पाण्यातलं विष गोळ्यांना जाऊन चिकटतं म्हणे. मी त्याला म्हटलं होतं, शेजारी बसून वीज खेळत असती तर वानछिंगचे आजोबा आणि मी चाळीस वर्षं अख्ख्या गावाला दिवे पुरवले असते. तो हसला नाही. माझ्या विनोदाला न हसणाऱ्या माणसापासून मी जपूनच असते.

आणि तूस कुणाचं? आपलंच. दर सुगीला गिरणीवरून आपलं तूस त्याच्या भट्टीत जातं. पूर्वी ते आपण जाळायचो, त्याच्या धुरावर मांस टांगायचो आणि राख रोपाच्या वाफ्यात घालायचो. आता म्हणे ते विज्ञानाला लागतं.

धुतलेलं पाणी पाटात पडतं. त्याचा पाइप भिंतीच्या ज्या कोपऱ्यातून निघतो तो कोपरा माझ्या बांधाला लागून. मग माझा संशय कुणावर जाणार? चंद्रावर?

आणखी ऐक. तुझा नवरा माझ्या घरी येतो तो स्वतःचा थर्मास घेऊन. मी चहा पुढे केला की म्हणतो, "नको आजी, आत्ताच घेतला." तीन वर्षं हा माणूस आत्ताच चहा घेतोय. माझ्या विहिरीचं पाणी ज्याला चालत नाही, त्याला त्या पाण्याबद्दल काय ठाऊक आहे? त्याचे बूट बघितलेस? इतक्या चिखलाच्या गावात इतके स्वच्छ बूट कशाला लागतात माणसाला? आणि दुपारची जेवणं झाली की अख्खा कारखाना घोरतो. फाटकावरचं कुत्रंसुद्धा. त्या तासाभरात आत काय जातं, बाहेर काय येतं, कुणाला पत्ता नसतो. हे मी कचेरीतल्या साहेबांनाही सांगितलं.

म्हणून मी अंगणात बोट दाखवलं आणि म्हटलं, "याच्या टाक्या गळतात. याला विचारा."

त्याचे कान तेवढे लाल झाले.

आता जिल्ह्यातून तीन साहेब येणार आहेत. दहाव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी चौकशी. दोष निघाला तर कारखान्याला कुलूप, आणि तुझ्या नवऱ्याला पुन्हा कुठल्या कारखान्याच्या दारात उभं करणार नाहीत, असं गुरुजी म्हणतात. हे ऐकून मला आनंद झाला असं समजू नकोस. पण खरं ते खरं.

तू त्याला एकदा एकटं गाठून विचार. बायकोला नवरा खोटं बोलताना कळतो. तुझे आजोबा खोटं बोलायच्या आधी नाक पुसायचे.

सुगी झाल्या झाल्या तुला डबा भरून तांदूळ पाठवला होता. दरवर्षीसारखा तो तू खाणार नाहीसच, कपाटावर ठेवशील आणि पाहुण्यांना दाखवशील. यंदा तेच बरं. राहू दे तिथंच.

थुआनच्या गालाला माझ्या वतीनं एक चिमटा काढ. हलका.

डोळे शाबूत असलेली,
तुझी अडाणी आजी

---

लुओथांग
दहावा महिना, चौथा दिवस

वानछिंग,

तुझं पत्र पोचलं. थान गुरुजींनी वाचून दाखवलं. मधे एका जागी त्यांना खोकला आला आणि खोकल्यानंतर पत्र एकदम थंडीवर गेलं. मला तेव्हाच शंका आली. कागद घडी करून मी थेट दवाखान्यात गेले आणि लस टोचणाऱ्या बाईकडून पुन्हा वाचून घेतलं. खोकल्याखाली काय होतं ते तिनं न खोकता वाचलं: "आजी, तुला तो कधीच आवडला नाही, आणि आता तुला कारण सापडलंय."

गुरुजींना जाब विचारला. म्हणाले, "वहिनी, मी तुमच्या जिवासाठी गाळलं."

म्हटलं, "माझा जीव तुमच्या खोकल्यावर नाही चालत."

आत्ता हे लिहिताना त्यांचं तोंड बघायला हवं होतंस.

तर, तू लिहिलंस की टाक्या गळत नाहीत, पाटाचं पाणी दर आठवड्याला तपासतात आणि ते स्वच्छ आहे. तू त्याची बायको, तू असंच लिहिणार. पण परवा तो स्वतः आला. हातात लांब लोखंडी गिरमिट, खांद्याला पिशव्या. म्हणाला, "आजी, तुमच्या खाचरातली माती घेऊ का?"

"घे. सगळं घेतलंसच, माती कशाला ठेवतोस."

त्यानं नऊ जागी भोकं पाडली. मी बांधावर बसून मोजत होते. एका जागी दोनदा घेतलं असतं तरी मला कळलं असतं. आज पुन्हा आला, तेव्हा बूट काढून आत आला आणि जमिनीवर काडीनं रेघा मारून मला समजावून सांगत बसला. विष म्हणे वरच्या वीतभर मातीत आहे. खाली काहीच नाही. आणि पाटाच्या तोंडाशी कमी, खाचराच्या मधोमध जास्त.

"म्हणजे?" मी.

"म्हणजे ते पाण्यातून आलेलं नाही, आजी. वरून पडलंय. कुणीतरी टाकलंय."

"कुणी?"

"तेच कळत नाही. आमच्या वापरलेल्या गोळ्या असतात ना, त्यांच्यावर गंज चढला, त्या विष घेईनाशा झाल्या की आम्ही त्या काढून गोण्यांत भरतो. शिक्कामोर्तब असलेला ट्रक येऊन त्या पुरायला नेतो. वसंतात ट्रक दोन महिने आला नव्हता. तेव्हाच्या गोण्यांतल्या अकरा कमी आहेत. चौकशीवाले म्हणणार, मीच त्या गुपचूप तुमच्या खाचरात जिरवल्या."

"जिरवल्यास का?"

त्यानं काडी खाली ठेवली. इकडंतिकडं बघत राहिला. चुलीकडे बघितलं. दाराशी कावड टेकलेली होती तिच्याकडे बघितलं. उखळाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाला, "उखळ धुतलंत वाटतं." मला सांग, हा काय प्रश्न झाला? उखळ धुवायचं नसतं का? मिरच्या कुटायचं उखळ, माणूस कधीतरी धुतोच. मला त्याचं बघणं आवडलं नाही. ज्याच्यावर संशय आहे तोच लोकांच्या भांड्यांवर संशय घेत फिरतोय.

हे जाऊ दे. तुझ्या पत्राच्या शेवटी जे आहे ते गुरुजींनी न खोकता वाचलं, आणि तिथं ते खोकले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तू लिहिलंस, थुआनला सहा महिने पूर्ण झाले म्हणून तिला पेज सुरू केली, आणि डब्यात विहिरीकडचाच तांदूळ असणार असं धरून पहिली पेज त्याचीच केली. "तुला वाटतं आम्ही तो कपाटावर ठेवतो. आजी, तो मी तिच्यासाठी राखून ठेवला होता. तू मला ज्या तांदळावर वाढवलंस त्याच तांदळावर ती वाढायला हवी." ती चमचा सोडत नाही म्हणतेस.

बाळे, तो तांदूळ तिला देऊ नकोस. त्याला टोके पडलेत, धान्यातले किडे. मी डबा नीट वाळवला नव्हता. दुकानातला आण, चांगला पिशवीतला, छापील. शहरातली सगळी बाळं तोच खातात आणि गुबगुबीत होतात. तुलाही टोके दिसणार नाहीत, फार बारीक असतात. तरी नकोच. डबा तसाच झाकून ठेव, पाखरांनाही घालू नकोस.

गुरुजी विचारतायत, न दिसणारे टोके वहिनींना कसे दिसले. त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा.

आज बोलायला फार सुचत नाही. हवा पडलीये.

तुझी आजी

---

लुओथांग
दहावा महिना, अकरावा दिवस

वानछिंग,

अक्षर ओळखलंस. हात तुझ्या नवऱ्याचा आहे, तोंड माझं. थान गुरुजींकडे गेले नाही. त्यांनी जिवासाठी काय काय गाळलं असतं कोण जाणे, आणि जे गाळलं असतं ते संध्याकाळपर्यंत लेइच्या बायकोला पाठ झालं असतं.

तांदळाचं काल त्यानं तुला फोनवर सांगितलं. तू लगेच थुआनला घेऊन डॉक्टरकडे गेलीस, तिचं रक्त तपासायला दिलंस, तेही त्यानं मला सांगितलं. इतक्या थोड्या दिवसांच्या पेजेनं बाळाला बहुधा काही होत नाही असं डॉक्टर म्हणाल्या, पण तपासणीचा कागद यायचाय. तो येईपर्यंत मी जेवते आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

फोनवर त्यानं तुला फक्त 'थांबव' म्हटलं. का, ते मी सांगते. मीच सांगायचं ठरलंय.

काल दुपारी मी कारखान्यात गेले. सगळे घोरत होते, हा एकटा जागा. नळावर बाटल्या धूत होता.

"आजी, जेवलात?"

"जेवण राहू दे. गोण्या मी नेल्या."

पाणी वाहतच राहिलं. "किती?"

"अकरा. अर्ध्या अर्ध्या करून, कावडीनं. मागच्या कुंपणाला जिथं बांबू सुटलाय तिथून. आठ दिवस लागले."

"केव्हा?"

"अशाच वेळी. तुम्ही सगळे झोपलेले असताना."

"मी पण?"

"तू सगळ्यात मोठ्यानं."

मग त्यानं नळ बंद केला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी उलटं ओरडू शकते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण त्यानं एवढंच विचारलं, "का, आजी?"

का ते तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या हाताखाली तू तुसाची राख वाफ्यात पसरलीयेस. काळं ते खाचराचं. राख असो, कोळसा असो, चुलीतली काजळी असो, ते मातीतून आलं आणि मातीत गेलं पाहिजे, असं माझ्या सासूनं सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं. इकडे तुझ्या नवऱ्यानं तीन वर्षं माझं तूस नेलं आणि माझे वाफे पांढरे पडले. मग एक दिवस कुंपणातून बघते तर शेडमध्ये काळ्याकुट्ट गोण्या रचलेल्या, कुणी वाली नाही, पावसाच्या झडीनं भिजतायत. मी म्हटलं, हे माझंच तूस. आत गेलं, भाजलं गेलं, काम करून म्हातारं झालं, आता घरी यायला निघालंय. मी चोरी केली नाही असं मला वाटत होतं, बाळे. मी माहेरवाशीण आणायला गेले होते. उखळात कुटून चिखलणीच्या वेळी भिंतीलगतच्या खाचरात मिसळलं सगळं. रोपं काय वर आली! लेइची बायको बांधावर उभी राहून बघायची. लोंब्या अशा वाकल्या की मीच म्हटलं, विज्ञान विज्ञान करतात, शेवटी उपयोग राखेचाच.

शेडवर लाल अक्षरं होती. ती वाचता येत नाहीत हे माझं नशीब, पण त्यामागे मी लपणार नाही. कारण त्यानं मला तोंडानंही सांगितलं होतं. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला, जेवताना, चॉपस्टिकनं शेंगदाणे मांडून. हा शेंगदाणा म्हणजे गोळी, हे मीठ म्हणजे विष, ते असं चिकटतं. मी त्याचा शेंगदाणा खाऊन टाकला आणि सगळे हसलात. मी ऐकलं होतं. फक्त मला वाटलं, भट्टीतून गेलेली वस्तू शुद्ध असते आणि शिकलेली माणसं घाबरट असतात.

इथपर्यंत मूर्खपणा. मूर्खपणाला क्षमा असते.

आता पुढचं. आणि इथं एक गोष्ट झालीये ती आधी सांगते. हे पान तो दुसऱ्यांदा लिहितोय. मघाशी मी पुढचं सगळं बोलले, तो लिहीत होता. मी त्याचा हात बघत होते. वाचता येत नसलं तरी हात बघता येतो. मी सगळ्यात मोठं वाक्य बोलले आणि हात नुसता वर उचलला गेला, कागदावर टेकलाच नाही, आणि मग पुढच्या ओळीला गेला.

"वाच पाहू," मी म्हटलं.

त्यानं वाचलं. छान वाचलं. "आजींना हे धोक्याचं आहे याची काहीच कल्पना नव्हती, त्यांच्याकडून चुकून झालं, त्यांना फार वाईट वाटतंय."

"हे मी बोलले?"

"अर्थ तोच आहे, आजी."

"अर्थ राहू दे. मी काय बोलले?"

पुन्हा कान लाल. मग म्हणाला, "ते लिहायची गरज नाही. गोण्या तुम्ही नेल्या, एवढ्यानं माझं काम भागतं. बाकीचं वानछिंगला कळून काय होणार? ती तुमच्यावरच वाढलीये. आईबाप तिकडे ग्वांगतोंगच्या कारखान्यांत, तिला दुसरं होतं कोण?"

बघ. तीन वर्षं मी या माणसाच्या थर्मासवर, बुटांवर, न हसण्यावर संशय घेतला. आता त्याच्यावर खरोखरच संशय घ्यायची वेळ आली, आणि तो कशाचा? तर मला वाचवायला खोटं लिहितोय म्हणून. थर्मासचंही काल विचारलं. त्याला पोटाचं दुखणं आहे, कडू काढा पितो, आणि आजीच्या चहाला नाही म्हणायची लाज वाटते म्हणून आत्ताच प्यायलो म्हणतो. तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "तो कागद फाड आणि मी सांगते तसं लिही. नाहीतर मी गुरुजींकडे जाते, त्यांचा खोकला तुला परवडायचा नाही."

तर लिही रे. मी हळू बोलते.

वानछिंग, त्या दिवशी कचेरीच्या भिंतीसमोर, लेइच्या बायकोनं ती लाल खूण वाचली, त्याच क्षणी मला कळलं. काल नाही कळलं, त्यानं माती तपासली तेव्हाही नाही. त्याच क्षणी. शेंगदाणा आणि मीठ दोन्ही डोळ्यांपुढे आलं. पाय गार पडले ते म्हणूनच. मला माहीत होतं की विष माझ्या हातानं गेलंय, कावडीनं, आठ दिवस खपून. आणि तरी मी वळले आणि बोट त्याच्याकडे केलं. कारण लेइची बायको बघत होती. सगळं गाव बघत होतं. पन्नास वर्षं भात लावलेल्या बाईनं स्वतःचं खाचर स्वतः नासवलं, हे मला त्या अंगणात उभं राहून सोसवलं नसतं. त्याच्यावर ढकललं तर तो शिकलेला आहे, बाहेरचा आहे, निभावून नेईल असं वाटलं. मग तुला पहिलं पत्र लिहिलं. ते सगळं कळून लिहिलेलं आहे. त्यातला प्रत्येक संशय मी गुरुजींसमोर बसून, चहा पीत, हातानं वळला. आणि तुझ्या डब्याचं 'राहू दे तिथंच' म्हणाले तेव्हाही मला माहीत होतं की त्यात भिंतीलगतचाच तांदूळ आहे. डबा उघडू नकोस, एवढं सरळ सांगितलं असतं तर तू कारण विचारलं असतंस, म्हणून थट्टेत घातलं. दुसऱ्या पत्रात टोके पाडले. म्हणजे तुझ्या लेकीच्या तोंडातला चमचा थांबवायचा होता आणि माझी अब्रूही ठेवायची होती. दोन्ही होत नाही हे समजायला मला सात दिवस लागले. त्या सात दिवसांत चार वेळा मी कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

लिहिलं का? आता हात टेकला. बघितलं मी.

पंधराव्या दिवशी चौकशी आहे. हे पत्र तिथं चालायचं नाही, कारण आरोपीच्या अक्षरातला कबुलीजबाब कुठला साहेब मानेल? मीही मानला नसता. तेव्हा मी स्वतः जाऊन बोलणार आहे. त्याच अंगणात, त्याच भिंतीसमोर. लेइच्या बायकोला मी स्वतः निरोप धाडलाय की लवकर ये, पुढे बस. ती म्हणाली, "काकू, कशाबद्दल आहे?" मी म्हटलं, "तुझ्या आवडीचं आहे." दंड होईल, खाचर काही वर्षं पडीक ठेवावं लागेल, वरची वीतभर माती खरवडून त्याच ट्रकमधून जाईल. माझ्या खाचराची माती, माझ्या डोळ्यांदेखत. जे भोगायचं ते मी भोगीन. तू ये असं म्हणत नाही. थुआनचा कागद आल्याशिवाय तू कुठंच जाऊ नकोस.

डबा झाकून ठेव. हा शनिवारी येईल, तो घेऊन जाईल आणि त्या गोण्यांसोबत ठेवील. तुझ्यासाठी राखलेला तांदूळ शिक्कामोर्तब होऊन पुरला जाणार. असू दे.

मला माफ कर असं म्हणत नाही. तसं म्हणायला शिकले नाही, आणि आता ज्याला म्हणायचं तो समोर बसून ते लिहून घेतोय, म्हणजे त्यातही त्याच्याच हाताला काम. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. पण त्याच्याशी बोल. त्या फोननंतर तो कुणाशी धड बोललेला नाही, बाटल्यांशी सोडून.

एक राहिलं. हा माणूस पुन्हा काही गाळेल याचा मला भरवसा नाही. इथून मी गेले की तो ते पान बदलील, तुझ्यासाठी, माझ्यासाठी, कुणासाठी तरी. म्हणून मी सगळ्यात महत्त्वाचे शब्द अशा जागी ठेवतेय जिथून ते काढले तर पत्र कुणाचं तेच कळणार नाही. सही माझी आहे, तिला हात लावायचा नाही, असं त्याला बजावलंय.

जिला माहीत होतं, ती
तुझी आजी